मर्यादेखालचे आवाज

“रडणाऱ्या बाळाचं काही नाही गं, गप्प असेल तेव्हा जाऊन बघ,” आई निघताना म्हणाली होती. “हो गं बाई, कळलं,” म्हणत तिने आईची पिशवी गाडीत कोंबली होती.

आता टेबलावरच्या, बाळाचा आवाज ऐकवणाऱ्या पांढऱ्या यंत्राचं बटण तिने आणखी थोडं मागे फिरवलं. त्याचा दुसरा भाग पलीकडच्या खोलीत, पाळण्यापाशी. हुंकार, कूस बदलणं, पंख्याची घरघर सगळं गाळून खरं रडणं तेवढं तिच्यापर्यंत यावं, अशी सोय.

गाळणं तिच्या अंगवळणी पडलेलं. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळले की क्वचित टॉप क्वार्क नावाच्या जड कणांची जोडी जन्मते आणि कुणी पाहायच्या आत फुटते. मागे राहिलेल्या तुकड्यांवरून किती जन्मल्या ते मोजायचं, हे तिचं काम. इतर पसारा अफाट, म्हणून ठरावीक ऊर्जेखालचे तुकडे दारातच अडवायचे.

“तुझ्याकडे टॉप कमी का भरतायत गं?” संगणकाच्या पडद्यावरून मास्तरांनी विचारलं. गटप्रमुखांना सगळे मास्तरच म्हणत. “सगळ्यांना भेटतात, तुझ्यावरच रुसलेत का?”

“मर्यादा जरा वर नेली, सर. गोंगाट फार होता.”

“ने की! पण बाहेर किती राहिले याचा हिशोब जुन्याच मर्यादेने धरलायस, म्हणून आकडा कमी. ते जन्मलेच नाहीत असं नाही ना बाई. तू त्यांना आत घेतलं नाहीस, एवढंच.”

“हो.”

“बरी आहेस ना? एरवी तासभर भांडली असतीस.”

“बरी आहे.”

एरवी चूक निघाली की तिचे कान तापायचे. आज काहीच झालं नाही. तिने पेनाला टोपण लावलं. नजर पांढऱ्या यंत्रावर गेली. रडणं ऐकू आलं की लाल होणारा दिवा जेवणानंतर हिरवाच होता. ऊन खिडकीतून उतरून जमिनीवर आलं होतं.

ती उठली.

बाळ जागं होतं. गालांवर ओल वाळून पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या. ते छताकडे बघत होतं. ती वाकली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, पण हात वर केले नाहीत.

“काय रे सोन्या, हाक का नाही मारलीस?”

स्वतःचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. तिने त्याला खांद्यावर घेतलं. त्याने मानेपाशी बारीकसा हुंदका दिला. उघड्या दारातून टेबलावरचा दिवा दिसत होता. तो हिरवाच राहिला.

फोन वाजला. आई.

“काय गं, कशी आहेस?”

“बरी आहे.”

“बाळ?”

“गप्प आहे.”

“गुणाचं गं माझं ते!” आई हसली, आणि नळ चालू राहिलाय म्हणून तिने घाईने फोन ठेवला.

ती बाळाला थोपटत तिथेच उभी राहिली, ऊन भिंतीवर चढेपर्यंत.

तुमच्या ओळखीत अशी ‘बरी आहे’ म्हणणारी कुणी असेल, तर फोनवर भागवू नका. एकदा जाऊन बघा.