पोट खोटं बोलत नाही

माझा नवरा ओत्सो चौतीस वर्षांचा आहे आणि आमच्या गावच्या आइस हॉकी संघात बचावाला खेळतो. समोरच्याने गोलकडे चकती हाणली की मध्ये आडवं पडायचं, हे त्याचं काम. घरी येतो तो कुठेतरी काळानिळा होऊनच. आता आमच्या लेकीला, हिल्लालाही ठाऊक झालंय, बाबाच्या कुठल्या बरगडीवर चढायचं नाही ते.

ती जन्मली तेव्हा सासरे पाळण्यात डोकावले. रेइनो त्यांचं नाव. तेही याच संघात, याच जागेवर खेळलेले.

"गोड आहे गं," ते म्हणाले. "पण बाप झालेला गडी आडवा पडायला जरासा उशीर करतो. बघशील तू."

"तुम्हीही केलात?"

"केला ना. म्हणून तर तीनच दात गेले."

शनिवारी हंगामाचा शेवटचा सामना होता. ओत्सोला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे प्रशिक्षक कौप्पी त्यावर ठरवणार होता. आणि दुसऱ्या सत्रात नेमकं तेच झालं. पाहुण्या संघातल्या एका कोवळ्या पोराने फटका मारला, ओत्सो पडला, पण उशिरा. चकती त्याच्या खालून सरळ गोलात. आमची एकाच गोलची आघाडी उरली.

"अरे, पाळणा हलवतोयस का तिथे?" मागून एक बाई ओरडली.

रेइनोंनी सॉसेजला मोहरीची चटणी लावता लावता माझ्याकडे पाहिलं. मी मात्र निवांत होते. घरातल्या बोळात मी जे रोज बघते, ते या लोकांनी कुठे पाहिलं होतं?

हिल्ला चालायला शिकतेय. ओत्सो तिच्यासमोर वाकून, मोज्यांवर घसरत उलटा उलटा चालतो. ती माझ्या हातून निसटून कुत्र्याच्या वाडग्याकडे पळते, त्याच्या हातून कधीच नाही. "हात बघू नकोस, डोळेही नकोत, ते फसवतात," तो मला सांगतो. "पोट बघ. पोट जिकडे, माणूस तिकडे."

शेवटच्या मिनिटाला तोच पोरगा पुन्हा सुसाट आला. मध्ये एकटा ओत्सो.

"पड! पड!" सगळा हॉल ओरडला. रेइनोही उठले, "पड रे गाढवा!"

तो पडला नाही. गुडघे वाकवून उलटा सरकत राहिला, बोळात सरकतो तसाच. पोराने डावीकडे पाहिलं, खांदाही डावीकडे टाकला. पोट उजवीकडे वळलं. ओत्सो आधीच उजवीकडे होता. हिल्लाच्या हातातला चमचा काढून घ्यावा इतक्या अलगद त्याने चकती काढून घेतली.

भोंगा वाजला. खेळाडू बाहेर येताना कौप्पी ओत्सोच्या हेल्मेटवर टपली मारून म्हणाला, "पुढच्या वर्षीही असाच उभा राहा."

रेइनो हळूच खाली बसले.

"पडला नाही," ते म्हणाले.

"नाही."

"हं." आणि उरलेलं सॉसेज त्यांनी माझ्या हातात दिलं.