आपोआप मिटणारी झडप

मधुकरराव मेश्रामांच्या न्हाणीघरातल्या शेगडीची झडप रोज सकाळी साडेसहाला वाजायची. टिक्. एकदाच. शेगडीत विस्तव नाही, वर्षभरात कोणी काडी लावलेली नाही, दाराला कुलूप, आणि तरी झडप आपली मिटायची. मधुकरराव अंथरुणात उठून बसायचे आणि त्या कुलपाकडे बघत राहायचे.

हे सांगायचं कोणाला? वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात भूतखेत हा फक्त चेष्टेचा विषय. त्यात हा माणूस पस्तीस वर्षं उमरेडला कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. लोखंड का वाजतं, हे लोक त्यांनाच विचारायला यायचे. आता त्यांनीच कोणाला विचारायचं म्हणजे पंचाईतच होती.

शेगडी त्यांनी रिटायर झाल्यावर मनीषनगरच्या या घरात स्वतः बनवली होती. गॅसवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, हे त्यांची बायको गोपिका हिचं ठाम मत. म्हणून जाड पत्र्याची, कोळशाची, वर हंडा बसेल अशी शेगडी. धुराचा पाइप भिंतीतून बाहेर काढलेला. पण गोपिकेला कोळसा पेटवून पोळ्या लाटायला जायची सवय, आणि इकडे विस्तव भडकून कोळसा वाया जायचा. मग मधुकररावांनी डोकं चालवलं. पितळ आणि लोखंड यांची जोडपट्टी केली आणि तिला हवेच्या तोंडावरची झडप जोडली. शेगडी तापली की पट्टी वाकायची, झडप मिटायची, विस्तव मंदावायचा. निवली की पट्टी सरळ, झडप उघडी. किती तापल्यावर मिटायचं ते एका स्क्रूनं ठरवता यायचं. माणसाला हात लावायची गरज नाही.

गोपिका त्या झडपेला 'तुमचा चपराशी' म्हणायची. "चपराशी झोपला वाटते," असं ती न्हाणीतून ओरडायची आणि मधुकरराव हातातलं वर्तमानपत्र टाकून धावायचे. या कौतुकावर तो माणूस दोन वर्षं फुगून होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मागच्या पौषात एका मंगळवारी त्यांनी तो स्क्रू अर्धा आटा पिळला. झडप जरा लवकर मिटून कोळसा अजून वाचतो का बघावं, एवढंच मनात. तिला सांगितलं नाही. आपोआप लक्षात आलं तर जास्त मजा. बुधवारी गोपिका म्हणाली, डोकं धरलंय. थंडीनं धरलं असेल, असं ते म्हणाले. गुरुवारी सकाळी साडेसहाला ती दार लावून न्हाणीत गेली ती बाहेरच आली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळ्यांनी मान डोलावली. मधुकररावांनीही डोलावली. पण खाणीतल्या माणसाला कोंडलेल्या विस्तवाची हवा काय करते हे शिकवावं लागत नाही. झडप लवकर मिटली होती. कोळसा धुमसत राहिला होता आणि त्याची विषारी हवा बंद न्हाणीत भरली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्क्रू परत सैल केला, दाराला कुलूप घातलं आणि तोंडालाही.

आणि आता दीक्षा माहेरी आली होती. त्यांची एकुलती एक लेक, अकरा दिवसांची बाळंतीण. घरात बाळाचा वास, ओव्याचा वास, आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या बाळांना न्हाऊ घालणाऱ्या यमुताईंचा आवाज.

"भाऊ, गॅसच्या पाण्यानं बाळंतिणीची कंबर भरते का कधी?" यमुताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "गोपिकाबाईची शेगडी आहे न घरात. ते पेटवू. न्हाणं झालं का तिचेच निखारे खाटेखाली घेऊ, खिडक्या लावून शेक देऊ. वारा लागू नाही द्यायचा."

"पाइप सडला त्याचा," मधुकरराव म्हणाले.

"त्याले फडकं बांधू."

"किल्ली सापडून नाही राहिली."

शोधा मग, म्हणत यमुताई तेलाची वाटी घेऊन आत गेल्या. खरं सांगितलं तर लेक आपल्याला आईचा जीव घेणारा समजेल. नाही सांगितलं तर त्याच हवेत ती आणि ते बाळ. चार दिवस ते या दोहोंच्या मधे घुटमळत राहिले. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज दीक्षा बाळाला पाजत असायची, आणि ते पाणी प्यायला म्हणून आत जाऊन तसेच बाहेर यायचे.

पाचव्या सकाळी टिक् वाजलं. मधुकरराव उठून बसले, सवयीनं कुलपाकडे पाहिलं. कुलूप नव्हतं. दार उघडं होतं आणि रॉकेलचा वास येत होता.

ते अनवाणी धावले. यमुताई शेगडीपुढे उकिडव्या बसल्या होत्या. कोळसा रचून झालेला, हातात काडेपेटी.

"दीक्षानं दिली किल्ली, तुमच्या कपाटातच होती," त्या म्हणाल्या. मग काडेपेटीनं झडपेकडे दाखवलं. "भाऊ, हे कसं हो? म्या अजून काडीबी नाही लावली. माझ्या डोळ्यांदेखत मिटली ही."

मधुकररावांनी वाकून पट्टीला बोट लावलं. शेगडीचा पत्रा बर्फासारखा गार होता. पट्टी कोमट होती. दुसरं बोट लावून पाहिलं. कोमटच. नुकतंच कोणीतरी हातात धरून सोडल्यासारखी.

"काडी लावू नोका!" ते एवढ्यानं ओरडले की आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं.

दीक्षा बाळाला घेऊन दारात आली. डोक्याला स्कार्फ, चेहरा ओढलेला. "काय झालं, बाबा? काहून ओरडून राहिले?"

आता मागे जायला जागा नव्हती. त्यांनी शेगडीकडे बघतच सांगितलं, लेकीकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. "तुझी आई हृदयानं नाही गेली. या झडपीनं गेली. मी मंगळवारी स्क्रू पिळला होता, तिले सांगितलं नाही. आई तुझी रोज सकाळी येते, दीक्षा. मले विचारायले येते, का काहून केलं तुम्ही असं."

यमुताईंनी काडेपेटी हळूच पदराखाली घेतली. बाळ रडायचं थांबलं होतं.

"मले माहीत आहे," दीक्षा म्हणाली.

त्यांनी मान वर केली.

"गुरुवारी सकाळी सहाले मी आईले फोन केला होता. म्हणे, तुझ्या बाबानं स्क्रू पिळला, कालपासून न्हाणीत जीव घाबरून राहिला, खोकला येते, तो दाबून ठेवतो. मी म्हटलं, मग उलटा फिरव न." दीक्षानं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "तर हसली. म्हणे, नोको वं. त्यायनं स्क्रूवर खिळ्यानं रेघ मारून ठेवली आहे. मी हात लावला का त्यायच्या लक्षात येइन, आणि मग दिवसभर तोंड पाडून बसतीन. आठ दिवस चालू दे त्यायचं कौतुक, मग सांगतो."

रेघ मारली होती खरी. वर्कशॉपात प्रत्येक फिटर मारायचा. कोणी मागून छेडछाड केली तर कळावं म्हणून.

"तू मले वर्षभर सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जिवंत राहिले असते का, बाबा?" दीक्षा म्हणाली. "आणि मी तरी काय केलं? बरं म्हटलं आणि फोन ठेवला. दार उघडं ठेव, एवढंबी नाही म्हटलं."

मधुकरराव फरशीवर बसले. वर्षभर त्यांना वाटत होतं, गोपिका जाब विचारायला येते. जाब विचारला असता तर किती सोपं होतं. पाय धरले असते, शिव्या खाल्ल्या असत्या. पण तिला विचारायचं काहीच नव्हतं. स्क्रू कोणी पिळला, कधी पिळला, का पिळला, सगळं ठाऊक असून ती त्या न्हाणीत डोकं धरून बसली होती, आणि दार तिनं स्वतःच्या हातानं आतून लावलं होतं, त्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून.