कोनीकडून?

"टापर वाजून राह्यलं बापा, पन कोनीकडून?" रामधन स्वतःशीच पुटपुटला आणि सागाच्या झाडाला टेकून उभा राहिला.

चांदी गाईचंच टापर होतं ते. तिच्या गळ्यातली ही लाकडी घंटा त्यानं स्वतःच्या हातानं कोरलेली. कळपातल्या प्रत्येक टापराचा आवाज निराळा. रामधन ढोरं मोजत नसे, ऐकत असे. राळेगावकडच्या या गावाचा तो गायकी, म्हणजे गुराखी. तांड्यावरून सकाळी यायचं, गावाची ढोरं जंगलात न्यायची, संध्याकाळी ज्याच्या त्याच्या दारी लावायची, यातच केस पिकले. ढोर हरवलं म्हणून कुणापुढे मान खाली घालायची पाळी कधी आली नव्हती. आज मात्र पुंडलिकरावांची गाभण चांदी कळपातून फुटली होती. दिवस भरलेले, आणि या पट्ट्यात वाघाचा वावर.

तो उजवीकडे गेला. आवाज अजून उजवीकडेच. वळला, तरी उजवीकडेच. च्या मायले, हे काय खूळ!

पावसाळ्यात ताप आला आणि जाताना डावा कान घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले होते, "नस गेली. उजवा ठणठणीत आहे." रामधनला तेवढं पुरे झालं. ट्रॅक्टरला स्टेपनी असते, तसा देवानं माणसाला दुसरा कान दिला असेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. बायकोलाही सांगितलं नाही. उलट भुरीबाई वैतागून म्हणायची, "एका कानानं आयकता अन् दुसऱ्यानं सोडून देता!" तेव्हा हा मिशीत हसायचा. सोडायला आता दुसरा कान उरलाय कुठे, हे तिला काय ठाऊक? उघड्या रानात डोळ्यांवर निभावून गेलं होतं. दाट सागात डोळे काय करणार?

ऊन उतरलं. बाकीची ढोरं घेऊन तो गावाबाहेर ढोरं थांबतात त्या आखरावर आला, तर पुंडलिकराव वाट पाहत उभेच. उशीर झाला म्हणून भुरीबाईही तांड्यावरून आली होती.

"चांदी कुठी हाये?"

"जंगलात हाये, भाऊ. टापर आयकू येते तिचं."

"आयकू येते त आनली काहून नाही? पिऊन पडला होता काय बे?"

वाघानं नेली म्हणून सांगणं सोपं होतं. तसं तोंडावर आलंही. पण जिवंत गाय मेली म्हणायला जीभ उचलेना.

"डावा कान गेला माहा," तो म्हणाला. "आवाज येते, पन कोनीकडून येते थे समजत नाही. सारं या बाजूनंच येते."

भुरीबाईनं तोंडावर पदर धरला.

"मले पागल समजतं काय? आयकू येते, मंग दिशा काहून समजत नाही?" पुंडलिकराव उसळले.

"डावा कान दाबा भाऊ. डोये मिटा."

पुंडलिकरावांनी कुरकुरत कानात बोट खुपसलं. भुरीबाई पाय न वाजवता त्यांच्या डाव्या अंगाला गेली आणि हळूच म्हणाली, "भाऊ." पुंडलिकरावांनी झटकन उजवीकडे बोट दाखवलं. डोळे उघडून पाहतात तर बोट थेट म्हशीच्या तोंडाकडे!

"अरे बापा," ते म्हणाले आणि त्यांचा आवाजच उतरला. डावीकडचा आवाज डाव्या कानाला केसभर आधी पोचतो, उजव्याला केसभर मागून. तेवढ्याशा फरकावर माणूस मान वळवतो. हे त्यांना शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं.

ढोरं आखरावर ठेवून तिघं जंगलात शिरली. शेजारच्या गावांची ढोरंही घरी निघालेली. चहूकडून टापरं वाजत होती. रामधन डोळे मिटून उभा राहिला. "हे नाही... हे बी नाही... हे! हे चांदीचं." भुरीबाईचा हात लगेच वर झाला, "तिकडून." थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा ऐकायचं. ओळखायचं त्यानं, दाखवायचं तिनं.

चालता चालता ती भडकली. "मले काहून नाही सांगतलं?"

"भेव लागत होता. रान सुटलं त मी कोन?"

ती डोळे पुसत चालत राहिली.

नाल्याच्या खोलगटात चांदी उभी होती आणि तिच्या पायाशी ओलं वासरू धडपडत होतं. "याडी!" तांड्याच्या बोलीत आईचं नाव घेत भुरीबाई हरखून ओरडली.

पुंडलिकरावांनी वासरू छातीशी उचललं आणि पुढे झाले. मागे चांदी, तिच्या मागे ही दोघं. रामधननं चालता चालता शेवटी बोलून टाकलं.

"भाऊ, उद्यापासून दुसरा गायकी पाहा."

"काय म्हनतं? मले आयकू नाही आलं."

"दुसरा गायकी..."

"नाही आलं म्हनतो ना!" पुंडलिकराव मागे न वळता म्हणाले. "अन् उद्या दोघंही येजा."

रामधनला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही. उजवीकडून चालणारी भुरीबाई थांबली, त्याच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला आली. तिथून तिच्या पावलांचा आवाज त्याला येत नव्हता. वाट फुटते तिथे तिनं त्याचा दंड धरून हलकेच ओढला, आणि तो काही न विचारता वळला.