आत्याच्या पाठीवरची सहा पुस्तकं

गितेककाका गोष्ट सांगायला लागले की मला उठून जावंसं वाटतं. पूर्वजांच्या थडग्यांवर वर्षाची पूजा झाली, घरी येऊन सगळे जेवायला बसले की यांचं सुरू: युद्धात गाव सोडावं लागलं तेव्हा आजोबांनी आमच्या चू घराण्याची वंशावळ, सहा जाडजूड पुस्तकं, पाठीवर बांधून बुसानपर्यंत नेली. साठीला आले मी, दरवर्षी तीच गोष्ट आणि तेच डोळे पुसणं.

यंदा म्हटलं, "काका, हे खोटं आहे."

सगळ्यांचे हात थांबले.

"परवा किमचीसाठी कोबी मिठात घालताना हामयांगच्या आत्यानंच सांगितलं मला. आजोबा आधीच डोंगरात लपले होते. आजीच्या पाठीवर तुम्ही, वर्षाचे. पुस्तकं आत्याच्या पाठीवर. तेरा वर्षांची पोर अकरा दिवस चालली. खांद्यावर वण आहेत अजून."

"अगं, सूप घे आधी, गार होतंय," काकू म्हणाली.

"खड्ड्यात गेलं सूप."

वंशावळीची नवी आवृत्ती निघायची होती आणि नावं द्यायचा आज शेवटचा दिवस. पूर्वी त्यात मुलीचं नाव नसायचंच, जावयाचं असायचं. आता मुलींचीही छापतात. तरी काकांनी भरलेल्या अर्जात सख्ख्या थोरल्या बहिणीचा रकाना कोरा. आत्या अठ्ठ्याऐंशीची, आणि पुढची आवृत्ती तीस वर्षांनी.

"जिनं पुस्तकं वाचवली तिलाच त्यात जागा नाही? लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

काका चिडतील म्हणून मी बाह्या सरसावून तयार होते. त्यांनी गुपचूप चष्मा लावला, पेन काढलं.

"बरं बाई, तुझंच खरं. सांग नाव, लिहितो."

"लिहा," मी म्हणाले, आणि पुढं काही सुचेना. हामयांगला दिली म्हणून हामयांगची आत्या. जन्मभर एवढंच.

"तुम्ही सांगा ना, तुमची बहीण आहे."

"मी ताईच म्हणत आलो. ती सासरी गेली तेव्हा सात वर्षांचा होतो मी."

काकू सूप ढवळत बसली. इतका वेळ ज्यांच्यावर तोंड सोडलं, त्यांच्यातलीच मी एक. स्वतःचा असा राग कधी आला नव्हता.

अर्ज उचलून स्वयंपाकघरात गेले. आत्या कोबीची धिरडी काढत होती. दार उघडंच होतं.

"ऐकलं सगळं," ती वर न बघता म्हणाली. "माझ्या नावासाठी एवढी भांडलीस, आणि नाव विचारायला आत्ता आलीस."

"चुकलं, आत्या."

"ओक्बुन. नीट लिही."

मी लिहिलं. तिला वाचता येत नाही; पुस्तकं नुसती वाहिली तिनं.

"कुठं आहे?"

पीठ लागलेलं तिचं बोट धरून मी अक्षरांवर टेकवलं.

"एवढंसंच?" ती म्हणाली, आणि धिरडं उलटायला वळली.