उतारावरची चार अंडी

सासू धडधाकट असताना सुनेनं तिला न विचारता होड्यांच्या उतारावर दगड मांडावेत, ही गोष्ट मोठ्या आईच्या घशाखाली उतरत नव्हती. पण धाकटीनं मांडले होते. चांगले आठ, गोल करून. तेही कुठे, तर होडी पाण्यात लोटतात त्या खडीच्या उतारावर, भरतीच्या रेघेच्या वर, ऐन मध्यावर. परवाच्या मोठ्या भरतीला त्यांच्या कारखान्यात बांधलेली नवी होडी तिथूनच जायची होती. ती भरती हुकली की बसा पंधरा दिवस हात चोळत.

"मला विचारलं का तिनं?" मोठी आई सुतारावर कडाडली.

"मी काय सांगू? मी लाकडातला माणूस," सुतार रंधा न थांबवता म्हणाला.

"दिसतंयच. डोक्यातही तेच भरलंय."

धाकटीचं म्हणणं असं, की तिथे चिखल्या पाखराची अंडी आहेत, आठ-दहा दिवसांत पिलं निघतील, तेव्हा होडी चार हात बाजूनं न्यावी. आता बाजूला सगळी भुसभुशीत वाळू. होडी रुतली, कलली, म्हणजे तळ पिळवटलाच. शिवाय मोठ्या आईच्या सासऱ्यांच्या काळापासून हरेक होडी याच रेघेत गेलेली. ती एका पाखरासाठी वाकडी जाणार? हातपुसणं खांद्यावर टाकून मोठी आई दगड उधळायला निघाली.

उतारावर पोचते तोच समोरून एक पाखरू पळालं. चिमणीहून जरासं थोराड. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरंफेक, गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. काडीसारख्या पायांवर तुरुतुरु धावायचं, मधेच काहीतरी विसरल्यासारखं थबकायचं, पुन्हा धावायचं. बघता बघता त्याचा एक पंख लुळा पडला. खडीवर फरफटू लागला.

"अगं बाई, मोडला की!"

माणसांवर ती कितीही खेकसो, लंगडं जनावर तिला बघवत नसे. हातपुसणं पसरून ती वाकत वाकत त्याच्यामागे गेली. हाताशी आलं म्हणेपर्यंत ते पुढे सरकायचं. असं करत त्यानं तिला थेट पाण्यापर्यंत नेलं आणि तिथून दोन्ही पंख पसरून, शीळ घालत, खुशाल उडून गेलं.

होडी रंगवत असलेला शिडीवरचा रंगारी खो खो हसला. "गंडवलं की हो तुम्हाला, मोठ्या आई!"

"तू खाली बघ, डबा सांडतोय."

पण कानशिलं तापली होती. लाकूडवाले, दोरवाले, सगळ्या छापाचे दलाल तिनं जन्मभर सरळ केले होते. एकाची टाप नव्हती तिला फसवायची. आणि हे मुठीएवढं पाखरू! तरातरा परत येऊन ती थेट दगडांच्या आत शिरली. बघते तर नुसती खडी.

"कुठायत गं तुझी अंडी?"

"आई, पाय टेकवू नका!" वरून बघत असलेली धाकटी ओरडली.

या घरात मोठ्या आईवर कुणी ओरडलं नव्हतं. ती एका पायावर तशीच थांबली. धाकटी धावत आली, सासूचा दंड धरला आणि बोटानं दाखवलं. उचललेल्या टाचेखाली, वीतभर अंतरावर, चार अंडी. खडीच्याच रंगाची, काळे शिंतोडे उडालेली, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. खाली काडीसुद्धा नाही, नुसता खळगा.

सुनेच्या खांद्यावर भार टाकत मोठ्या आईनं एकेक पाऊल बाहेर काढलं. लांब पाण्याकाठी ते पाखरू पुन्हा पंख फरफटत होतं, कुणीतरी अंड्यांपासून लांब, आपल्यामागे यावं म्हणून.

मोठ्या आईनं सुताराला हाक मारून गोदामातल्या सगळ्या जाड फळ्या वाळूवर आडव्या अंथरायला सांगितल्या, दोन-दोनच्या थरात. "होडी तिकडून जाईल," एवढंच म्हणाली. सुताराचा रंधा पहिल्यांदा थांबला.

मग ती धाकटीकडे वळली.

"वागणं तुझं चुकलंच. आधी माझ्याकडे यायचं होतंस, मी काय खाल्लं असतं तुला? पण ओरडलीस ते बरं केलंस. आता पिलं निघेपर्यंत या उतारावर कुणी पाय ठेवला, तर अशीच ओरड. मीसुद्धा असले तरी."