तेलाचे दोन थेंब

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. पायाने चालवायचे, काळ्या अंगाचे. एके काळी माझ्यावर सोनेरी वेल होती. आता ती मी सांगितल्याशिवाय तुम्हाला दिसायची नाही.

माझा जन्म कारखान्यातला. दुकानाच्या काचेमागून माझ्या मालकिणीच्या, म्हणजे काकूंच्या, सासूबाईंनी मला घरी आणले. काकू तेव्हा नव्या सूनबाई होत्या. "मशीन जप, मशीन तुला जपेल," सासूबाई म्हणाल्या. पुढे सासूबाई गेल्या, मुले आपापल्या मार्गाला लागली, आणि काकू मला घेऊन दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहू लागल्या. शाळेचे गणवेश, पडदे, तान्ह्यांची झबली, सगळे मी शिवले. शिलाईला नाव ठेवायला जागा नाही, असे गिऱ्हाइके म्हणत. मग काकू माझ्यावरून हात फिरवत. मला ते फार आवडे.

एकदा मात्र तेल घातल्याबरोबर त्यांनी घाईने एक पांढराशुभ्र झगा शिवायला घेतला. त्यावर डाग पडला, तो काही केल्या निघेना. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्या काकूंनी ताकच सोडले! तेलाची बाटली फळीवर मागे गेली ती गेलीच. मी कोरडे पडले, खडखडू लागले. आवाज रोज थोडाथोडा वाढला की घरच्यांना तो कळत नाही.

तो कळला खालच्या खोलीत. तिथे एक नर्सबाई भाड्याने राहायला आल्या होत्या. त्या रात्रभर इस्पितळात जागत आणि दिवसा झोपत. म्हणजे झोपायचा प्रयत्न करत. त्यांनी घरमालकांना सांगितले. घरमालकांनी जिन्यातूनच काकूंना ऐकवले. काकूंना ते झोंबले.

"तिला तोंड नाही का? एक जिना चढून यायला पाय दुखतात?"

आणि त्यांनी मला दुप्पट जोराने चालवले. खालून छतावर झाडूचा दांडा आपटला. मग रोजच तसे सुरू झाले. दोघींना जे बोलायचे होते, ते मी आणि तो झाडूच बोलत राहिलो.

माझे पाय फरशीला टेकलेले असतात, त्यामुळे मला खालचेही ऐकू येई. एकदा नर्सबाई फोनवर म्हणाल्या, "आई, काल परत ड्युटीवर डोळा लागला माझा. आता पुन्हा झालं तर घरी बसवतील." काकूंना ते ऐकू गेले नाही. त्या मला चालवत होत्या ना!

नंतर एका सकाळी नर्सबाई पहिल्यांदाच वर आल्या. काकूंनी दोरीवर वाळत घातलेला फ्रॉक खाली पडला होता, तो द्यायला. खाली रस्त्यावर टेम्पो उभा होता.

"खोली सोडतेस?" काकूंनी विचारले.

"हो. नोकरी गेली. आईकडे चाललेय."

नर्सबाईंनी माझे चाक हाताने जरासे फिरवले. मी कण्हले.

"माझ्या आईचंही असंच मशीन आहे. तेल सुकलंय हो याचं."

"डाग पडतो गं."

"आई आधी चिंधीवर चार ओळी मारते. जादा तेल चिंधी पिते."

काकूंचा आवाज एकदम बारीक झाला. "आधी का नाही आलीस वर?"

"भीती वाटली. तुम्ही तरी कुठे खाली आलात, काकू?" त्या रागावून बोलल्या नाहीत. फ्रॉकची घडी माझ्यावर ठेवून त्या निघून गेल्या.

काकूंनी लगेच फळीवरची बाटली शोधली. तेलाचे दोन थेंब घातले, चिंधी लावली. मी चालू लागले, आणि इतके हलके चालले की खाली टेम्पो सुरू झालेला आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू आला. काकू गॅलरीत धावल्या. टेम्पो वळणापार गेला होता. बैल गेला नि झोपा केला, दुसरे काय!

मित्रांनो, मशीनला तेल घालत जा. आणि शेजारचा आवाज सोसवेना, तर झाडू उचलण्याआधी जिना चढा. आवाज तुमचा असेल, तर जिना उतरा.

काकू हल्ली दिवसा मला हात लावत नाहीत. संध्याकाळी शिवायला बसतात. खालची खोली अजून रिकामी आहे.