स्कूटर कोणाची

चंदीगडमध्ये स्कूटरवर मागे कुणाला बसवायला बंदी आली, त्या दिवशी आमच्या घरात माझी नोकरी सुटली असंच धरलं गेलं. मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. माझे यजमान गुरुनाथ पेपरची घडी घालत म्हणाले, "चला वीणा, वातावरण निवळेपर्यंत तुला आराम."

आराम म्हणे. लग्नानंतर सात वर्षांनी मला मोहालीच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायला मिळालं होतं. तोवर माझी एमएस्सी ट्रंकेत झोपा काढत होती. रोज सकाळी गुरुनाथ मला स्कूटरवरून सोडायचे. आता मागे बसलेला अतिरेकी असेल, त्याच्याकडे बंदूक असेल या भीतीनं एका स्कूटरवर एकच माणूस, मग बाई असो की बुवा. बस अडवून माणसं मारल्याच्या बातम्या येत होत्या, म्हणून बस नको. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण शाळा बंद नव्हती, आणि न येणाऱ्या बाईची जागा शाळा रिकामी ठेवणार नव्हती.

"मी स्कूटर शिकते," मी म्हणाले.

"मग मी विद्यापीठात कसा जाऊ?"

"चालत. आपण राहतो विद्यापीठाच्याच आवारात."

गुरुनाथांचे सहकारी राजाभाऊ चहा प्यायला आले होते. मराठी मंडळाचे सेक्रेटरीही तेच. ते म्हणाले, "वहिनी, ते शिवणयंत्र नाही, गिअरची स्कूटर आहे. आणि प्रोफेसर पायी, बायको स्कूटरवर? मंडळात तोंड कसं दाखवायचं यांनी?"

गुरुनाथ हसले. राजाभाऊंच्या बोलण्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या हसण्यानं अंगाचा तिळपापड झाला.

शेजारच्या हरभजन कौर नर्स होत्या आणि स्वतःची स्कूटर चालवायच्या. दुसऱ्याच दिवशी मी शाळेत आठवड्याची रजा कळवली आणि त्यांचं दार वाजवलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "साड़ी में नहीं होगा जी. मेरा सूट पहन लो."

त्यांच्या सलवार-कमीजमध्ये माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. कमरेला ओढणी गच्च बांधली आणि मागच्या मैदानात सुरुवात केली. पहिल्याच संध्याकाळी मी स्कूटरसकट आडवी झाले. नडगी सोलून निघाली. हरभजन कौर शांतपणे म्हणाल्या, "चंगा होया. हुण डर मुक गया."

पडल्यावर डर मुकतो, म्हणजे संपतो, हे खरंच आहे. आठवड्याभरात गिअर हाताला कळायला लागले. सोमवारी सकाळी खुंटीवरची किल्ली मी उचलली. गुरुनाथांनी पाहिलं, माझ्या नडगीवरच्या पट्टीकडेही पाहिलं, आणि बूट घालून चालायला लागले.

मोहालीच्या हद्दीवर नाका होता. जवानानं पर्स उघडून पाहिली, डिकी पाहिली आणि जा म्हणाला. नेमकी तेव्हाच स्कूटर बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ सुरू झाला.

"मैडम, साहब कहाँ हैं?" त्यानं विचारलं.

"साहब पैदल गए हैं."

त्याला हसू आवरेना. रायफल खांद्यावर सरकवून तो पुढे आला. "हटिए, मैं चालू कर देता हूँ."

"नहीं भैया. मैं करूँगी."

हरभजन कौरनी शिकवल्याप्रमाणे मी स्कूटर एका बाजूला कलती केली, सरळ केली आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. तिसऱ्या किकला ती फुरफुरली आणि मी निघाले. पुढच्या मोकळ्या रस्त्यावर मी एकटीच मोठ्यांदा हसत होते. इतका आनंद मला पदवी घेतानाही झाला नव्हता.

गणपतीच्या आधी राजाभाऊ घरी आले. त्यांची स्कूटर बिघडली होती आणि सजावटीचं सामान आणायचं होतं. "गुरुनाथ, उद्या दिवसभर तुझी स्कूटर दे."

गुरुनाथ नुकतेच चालत आले होते, बुटांची नाडी सोडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मला काय विचारतोस? स्कूटर वीणाची आहे."

त्यात टोमणा नव्हता की कौतुकही नव्हतं. कढईतली पुरी उलटायची मी विसरले. राजाभाऊ स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "मग काय वहिनी, द्याल ना?"

"नाही जमणार, भाऊजी," मी म्हणाले. "उद्या माझ्या मुलींची गणिताची परीक्षा आहे."